सचखंडने सिमला

संभाजीनगरहून हिमालयात सुट्टीला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठे?’ मनाली, नैनिताल, मसुरी, दार्जिलिंग अशी नावं येतात, कुणीतरी काश्मीर म्हणतं, आणि बघता बघता एकाच सहलीत तीन गावं बसवली जातात. माझं म्हणणं असं की गावाचं नाव शेवटी ठरवावं. आधी रजा किती ते लिहून काढावं, त्यातून जाण्यायेण्याचे दिवस वजा करावेत आणि उरलेल्या रात्री मोजाव्यात. दिल्लीकर शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतो आणि शनिवारी सकाळी पहाडात चहा घेतो. आपण पायथ्यापासूनच सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहोत, त्यामुळे त्याच्या सहलीचं वेळापत्रक आपल्या कामाचं नाही.

हा हिशेब दहा दिवस धरून सिमल्यासाठी करून दाखवतो. सिमलाच का, ते ओघात कळेल.

आपल्या स्टेशनवरून रोज जाणारी सचखंड एक्सप्रेस ही या सगळ्याची किल्ली आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबवरून तिचं नाव पडलं. नांदेड ते अमृतसर अशी ती मुळात शीख भाविकांच्या सोयीची गाडी, पण तिच्या वाटेत अंबाला लागतं आणि अंबाल्याहून कालका-सिमला हाकेच्या अंतरावर येतं. गाडी दुपारी आपल्याकडून निघते, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी करत दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते आणि संध्याकाळी अंबाला छावणीला. म्हणजे शनिवारी निघालात तर रविवारी संध्याकाळी अंबाला. ती रात्र अंबाला, चंदीगड किंवा कालक्यात काढायची. सोमवारी सकाळी कालक्याहून सिमल्याची छोटी गाडी धरायची आणि दुपारी सिमल्यात. परतीची सचखंड अंबाल्याला सकाळी येते, म्हणून पुढच्या शनिवारी खाली उतरून मुक्काम करायचा, रविवारी सकाळी गाडीत बसायचं, सोमवारी दुपारच्या आत घरी. सिमल्यात पाच रात्री मिळाल्या आणि रजा फक्त सहा दिवसांची लागली.

या आखणीत आणखी एक फायदा दडलेला आहे. सिमल्याला खरी गर्दी होते ती शुक्रवार संध्याकाळ ते रविवारी दुपारपर्यंत, दिल्ली, चंदीगड आणि हरियाणातल्या मोटारींची. तुम्ही सोमवारी वर चढता आणि शनिवारी सकाळी उतरता, म्हणजे रस्त्यावर दोन्ही वेळा उलट्या दिशेला असता. लांब राहणाऱ्याला मिळालेली ही सवलत आहे. ती घ्यावी.

‘पाच रात्री आहेत तर दोन मनालीत काढू’ हा मोह इथेच आवरावा लागतो. नकाशावर सिमला आणि मनाली शेजारी दिसतात, पण मध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि त्यात पूर्ण दिवस जातो. मनालीहून परत चंदीगडला यायला दुसरा दिवस. पाचांतले दोन दिवस गाडीच्या खिडकीत गेले, त्यात मुलांना घाट लागला तर तिसराही गेला. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनीही छापील कार्यक्रमात हेच तपासावं: किती वेळा बॅगा भरायच्या आहेत? एकट्याने जाणाऱ्या ज्येष्ठांना मराठी टूरचा मोठा आधार असतो, जेवणाची आणि सोबतीची चिंता मिटते. पण आठ दिवसांत पाच हॉटेलं असतील तर ती सहल बसमधून केलेली आहे असं समजावं.

आता महिना. इथे थोडं भूगोलाचं गणित करावं लागतं आणि ते सोपं आहे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. म्हैसमाळ हजाराच्या थोडं वर, म्हणून उन्हाळ्यात गिरिजादेवीच्या देवळापाशी उभं राहिलं की शहरापेक्षा तीनेक अंशांचा उतार अंगाला जाणवतो. सिमला सुमारे २२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सोळाशे मीटर उंच. नुसत्या उंचीच्या हिशेबाने दहा-साडेदहा अंश कमी झाले. बाकीचं काम देवदाराची सावली करते. मे महिन्यात आपण चाळिशीत भाजत असताना तिथे दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो आणि संध्याकाळी स्वेटर लागतो.

पण मे महिना अख्खा सारखा नसतो. आपल्या शाळांना मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते. दिल्लीच्या शाळा त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुटतात, हरियाणा आणि पंजाबच्या साधारण जूनमध्ये. मेचा पहिला आठवडा म्हणूनच आपल्यासाठी मोलाचा आहे. मेच्या उत्तरार्धापासून जूनअखेरपर्यंत तेच हॉटेल महाग होतं, रस्ते तुंबतात आणि पाण्याची ओढाताण सुरू होते.

पाण्याचं नीट सांगायला हवं, कारण संभाजीनगरकराला ते चटकन समजेल. सिमला डोंगरमाथ्यावर वसलेलं गाव आहे, वर नदी नाही. खालच्या दऱ्यांतल्या गुम्मा, गिरी अशा ठिकाणांहून पाणी पंपाने चढवून आणावं लागतं. आपणही पैठणच्या जायकवाडीचं पाणी उपसून शहरात आणतो आणि नळाला किती दिवसांनी पाणी येईल यावर घरातली कामं लावतो. २०१८च्या मे-जूनमध्ये सिमल्याचं पाणी इतकं आटलं की रहिवासी रात्री टँकरसाठी रांगा लावून उभे होते आणि ‘सध्या इकडे येऊ नका’ असं सांगायची पाळी स्थानिकांवर आली. पाहुण्याने बाथरूममध्ये सोडलेला शॉवर तिथल्या कुणाच्या तरी हंड्यातून येतो. आपल्याकडे बादलीने अंघोळ करायची सवय आहेच, ती सिमल्यातही ठेवावी. आणि जमत असेल तर गर्दीच्या पंधरवड्यात जाऊच नये.

माझी पहिली पसंती विचाराल तर दिवाळीनंतरची सुट्टी. पाऊस सप्टेंबर अखेरीस तिथून मागे फिरतो, हवा धुऊन निघालेली असते, आणि मे महिन्यात धुरकटामागे लपलेली बर्फाची रांग या दिवसांत सकाळी स्पष्ट दिसते. दिवस लहान असतो आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी एकदम अंगावर येते, एवढं लक्षात ठेवायचं. जुलै ते सप्टेंबर मात्र टाळावा. १४ ऑगस्ट २०२३ला सिमल्याच्या समरहिल भागात दरड कोसळून शिवमंदिर गाडलं गेलं, वीस माणसं गेली, आणि त्याच दरडीत छोट्या रेल्वेचे रूळ पायाखालची जमीन गेल्याने हवेत लोंबकळत राहिले. पुढेही पावसाळ्यांत हिमाचलचे रस्ते वारंवार तुटले आहेत. मुलांना बर्फच बघायचा असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ, पण सिमल्यात बर्फ ठरलेल्या तारखेला पडत नाही आणि उत्तरेत धुक्याने गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. मे महिन्यात सिमल्यात बर्फ नसतो, हे मुलांना निघण्याआधीच सांगून टाकावं.

महिना ठरला की तिकीट. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. समजा २ मेला शनिवार आहे आणि त्या दिवशी निघायचं आहे, तर ३ मार्चला सकाळी आठच्या आधी संगणकासमोर बसायचं. परतीची गाडी १० मेची, तिचं आरक्षण ११ मार्चला उघडेल. जाण्याचं तिकीट मिळालं या आनंदात परतीची तारीख निसटते, म्हणून दोन्ही तारखा कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवाव्यात. छोट्या गाडीचं आरक्षणही त्याच संकेतस्थळावर होतं, तेही त्याच सुमारास करून टाकावं.

वेटिंग आलं तर आकड्याआधीची अक्षरं वाचावीत. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण कोट्याची प्रतीक्षायादी, ती बऱ्यापैकी पुढे सरकते. पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असेल तर मधल्या स्टेशनांना मिळून दिलेल्या मोजक्या जागांवर तुमचा नंबर आहे, तिथे पंधरावा क्रमांकही कठीण. अशा वेळी नांदेडपासूनचं तिकीट शोधून पाहावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण तिकीट मिळालं तर गाडीत चढण्याचं ठिकाण छत्रपती संभाजीनगर असं नोंदवता येतं. ते नोंदवल्याशिवाय मात्र इथून चढू नये, नांदेडला माणूस आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. तत्काळचा पर्याय आदल्या दिवशी असतो, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० आणि इतरांसाठी ११ वाजता. त्यासाठी २०२५पासून खातं आधारने पडताळलेलं असावं लागतं, ते काम आजच करून ठेवण्यासारखं आहे.

रजा कमी असेल तर चिकलठाण्याहून दिल्लीचं विमान आहे. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने पहाटे कालका गाठता येतं आणि दोन्ही बाजूंचा मिळून दीड-दोन दिवस वाचतो. ज्यांना धरमशाला किंवा डलहौसी करायचं आहे त्यांनी मनमाडला जाऊन पुण्याहून येणारी झेलम एक्सप्रेस पाहावी. ती पठाणकोटला नेते आणि तिथून दोन्ही गावं जवळ.

गाडीतला दिवस हा वाया गेलेला दिवस नाही, फक्त त्याची तयारी हवी. मेमध्ये खांडवा ते झाशी हा पट्टा भट्टीसारखा तापतो. शयनयान डब्यात लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर भरपूर पाणी, साखर-मीठ आणि ओला पंचा जवळ ठेवावा, परवडत असेल तर वातानुकूलित तिसरा वर्ग घ्यावा. धपाटे आणि दशम्या दोन दिवस सहज टिकतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ असला की सोबतीच्या कुटुंबालाही देता येतं. या गाडीत आणखी एक गोष्ट घडते, तिची आठवण संभाजीनगर, जालना, परभणीच्या लोकांना वेगळी करून द्यायला नको: वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगरचं जेवण वाढतात. आपलं स्टेशन त्यातलं एक आहे. जात, धर्म, डबा काही विचारत नाहीत. आपलं ताट-वाटी बरोबर असलं की त्यांचं काम सोपं होतं.

कालका ६५६ मीटरवर आहे. तिथून सिमल्यापर्यंतच्या ९६ किलोमीटरमध्ये गाडी चौदाशे मीटर चढते आणि त्यासाठी पाच-साडेपाच तास घेते. रस्त्याने बस चंदीगडहून साधारण चार तासांत पोचवते, म्हणून पुष्कळजण गाडी सोडून देतात. मी जातानाचा प्रवास गाडीनेच करावा असं आग्रहाने सांगेन. रूळ फक्त अडीच फूट रुंदीचे, कारण अशा वळणांवर मोठी गाडी वळूच शकत नाही. १९०३ साली सुरू झालेल्या या मार्गावर नऊशेच्या वर वळणं आहेत, आठशेच्या वर पूल आहेत आणि शंभरावर बोगदे. पुलांतले बरेचसे दगडी कमानींचे, जुन्या जलसेतूंसारखे मजल्यावर मजला रचलेले. कनोहजवळ असा चार मजली पूल लागतो. वेरूळ-दौलताबाद बघत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना दगडाचं काम ओळखू येतं, त्यांना तो मुद्दाम दाखवावा. बडोगचा बोगदा सर्वांत लांब, ११४३ मीटर. ज्या इंग्रज अभियंत्याच्या नावावरून त्याचं नाव पडलं त्याने दोन्ही टोकांनी खोदायला घेतलं आणि टोकं जुळलीच नाहीत, त्याला एक रुपया दंड झाला, असं तिथे सांगतात. दुसऱ्या जागी बोगदा नेताना भलकू नावाच्या डोंगरी माणसाने काठीने खडक ठोकून वाट दाखवली, अशीही कथा आहे. २००८मध्ये युनेस्कोने ही रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

वर चढताना झाडं बदलतात, तेही बघण्यासारखं आहे. खाली कालक्याला आपल्यासारखीच काटेरी झुडपं, मग चीड, आणि सिमला जवळ आलं की देवदार आणि बांज. उंची शरीराला हळूहळू मिळते हा या संथ गाडीचा मोठा गुण. येताना हवं तर बसने यावं.

राहण्याची जागा ठरवताना फोटोपेक्षा फोन उपयोगी पडतो. सिमल्याच्या मॉल रोडवर वाहनांना बंदी आहे. मोटार खाली कार्ट रोडपर्यंत येते, तिथून वर चढायला पायऱ्या, चढाचे रस्ते किंवा पर्यटन महामंडळाची लिफ्ट. म्हणून हॉटेलवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या, वर की खाली? आजीचे गुडघे दुखत असतील तर या एका उत्तरावर पाच दिवसांचं सुख ठरतं. दुसरा प्रश्न, खोलीला ऊन येतं का? दक्षिण उतारावरची खोली नोव्हेंबरातही उबदार असते, उत्तरेकडची मेमध्येही गार. तिसरा, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? मॉलजवळ राहिलं की फिरणं सोपं जातं. शांतता हवी तर समरहिल किंवा मशोबऱ्याकडे पाहावं, पण मग रोजच्या जाण्यायेण्याचा विचार करावा. हमाल सामान वर नेऊन देतात. दर आधी ठरवावा आणि घासाघीस आवरती घ्यावी, पाठीवर बॅगा घेऊन तो चढ चढणं फार कष्टाचं काम आहे.

पाच दिवसांचं काय करायचं? पोचलेल्या दिवशी काहीच नाही. नंतर रोज एक चाल आणि एक बैठक एवढं पुरे. टॅक्सीवाले सात-आठ ‘पॉइंट’ दाखवतात, त्यातले निम्मे वाहनतळ आणि घोडेवाले असतात. त्याऐवजी एक सकाळ पूर्ण द्यावी ती ऑब्झर्व्हेटरी हिलवरच्या जुन्या व्हाइसरॉयच्या निवासाला. इमारत १८८८ची. १८६४पासून सिमला हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी होती, इथूनच अर्ध्या वर्षाचा कारभार चाले. १९४५ची सिमला परिषद इथे भरली आणि १९६५पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. आतल्या लाकूडकामासाठी आणि बाहेरच्या बागेसाठी दोन-तीन तास हवेतच.

दुसरी सकाळ जाखूला. टेकडी सुमारे २४५० मीटर, वर १०८ फुटी हनुमान. चढ खडा आहे, ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी रोपवे आहे. माकडं चष्मा पळवतात आणि खाऊ दिल्याशिवाय परत करत नाहीत, म्हणून चष्मा खिशात आणि मोबाइल पिशवीत.

रिजवर बसायला मात्र कुठल्याही वेळी जावं. १८५७चं ख्राइस्ट चर्च आहे, बाकं आहेत, आणि ज्या कण्यावर तुम्ही बसलेले असता तो पाणलोटाचा कणा आहे. एका बाजूला पडलेला पाऊस सतलजमार्गे अरबी समुद्राकडे जातो, दुसऱ्या बाजूचा गिरी आणि यमुनेतून बंगालच्या उपसागराकडे. मुलांना हे समजावताना आपला अजिंठ्याचा डोंगर आठवावा. कन्नडच्या घाटाखाली उत्तरेला पडलेलं पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळतं आणि अलीकडचं गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. भूगोलाचा धडा इतक्या सहज कुठे सापडत नाही.

एक दिवस नारकंड्यासाठी ठेवावा. ते सुमारे २७०० मीटरवर आहे, वाट सफरचंदाच्या बागांतून जाते आणि आकाश स्वच्छ असेल तर समोर बर्फाची शिखरं उभी राहतात. पाचवा दिवस मोकळा ठेवा. पावसाने, थकव्याने किंवा एखादी जागा पुन्हा बघावीशी वाटल्याने तो आपोआप भरतो.

उंचीची भीती सिमल्यात बाळगायचं कारण नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे विमानाने उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यायलाच हवी, डोकेदुखी आणि मळमळ वाढली तर खाली उतरणं हाच उपाय. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असलेल्यांनी कुठेही जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सिमल्यात इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना हा दिलासा छोटा नाही. घाट लागणाऱ्यांनी गोळी प्रवासाआधी अर्धा तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाब-मधुमेहाची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवावीत.

कपड्यांत एकच जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर बरे. सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर स्वेटर, आणि वारा अडवणारं एक जाकीट. थंडीत आपल्या शहरात बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून स्वेटर आधीच घेऊन ठेवले तर उत्तम. हिमरू शाल देखणी आहे, पण ती सूत आणि रेशमाची, पहाडातल्या रात्रीला लोकरच हवी. बूट नवे नेऊ नयेत, महिनाभर वापरलेले न्यावेत.

शनिवारी खाली उतरताना त्याच दिवसाची गाडी पकडायचा प्रयत्न करू नका. वाहतूक तुंबली की सोलन-परवाणू रस्त्यावर दोन तासांचे चार होतात आणि सचखंड थांबत नाही. चंदीगडला रात्र काढा, रॉक गार्डन बघा, रविवारी सकाळी लवकर अंबाला गाठा. सोमवारची रजा टाकलेली आहे ती गाडीला उशीर झाला तर असावी म्हणून. मंगळवारी सकाळी कामावर जाता येईल.